रुटगर्स यांच्या फोटोवरची लाल फुली पुसा : आपल्या मंडळाला एक खुलं पत्र

प्रति,
मंडळाची कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,
सप्रेम नमस्कार.

‘ग्रीन कार्डची पंचवीस वर्षं’ (ग्रीन कार्ड म्हणजे जर्मनीने परदेशी संगणक-तज्ज्ञांना दिलेला कामाचा परवाना) या आपल्या कार्यक्रमाचं पोस्टर परवा रात्री ग्रुपवर आलं. मधोमध आपल्या नोर्डराईन-वेस्टफालन राज्याचे माजी मुख्यमंत्री युर्गेन रुटगर्स यांचा फोटो, फोटोवर लाल फुली, डोक्यावर त्यांची ती तीन शब्दांची घोषणा आणि खाली मराठीत ‘बघा, आम्ही आलोच!’ दहा मिनिटांत चाळीसेक अंगठे पडले. माझा पडला नाही. सचिवांनी लगेच विचारलं, ‘‘काका, आवडलं नाही का?’’ मी म्हणालो, फोनवर बोलू. मग काय बोलायचं ते कागदावर टिपायला बसलो आणि हे एवढं झालं. अंगठे सगळ्यांचे होते, म्हणून पत्रही सगळ्यांना.

मी रुटगर्स यांचा वकील नाही. ते मुख्यमंत्री होते तेव्हा मला इथे मताचा अधिकारच नव्हता, आणि असता तरी दिलं नसतं. पण आपल्यातले बहुतेकजण 2015 नंतर या देशात आलेत. त्यांच्यासाठी हा माणूस म्हणजे फक्त एक मीम आहे. या राज्यात राहायचं, इथल्या शाळांत पोरं घालायची, आणि ज्याने पाच वर्षं हे राज्य चालवलं त्याच्याबद्दल तीन शब्दांपलीकडे काही माहीत नसायचं, हे मला बरं वाटत नाही.

तर ते तीन शब्द. फेब्रुवारी 2000 मध्ये चान्सलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी हानोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात ग्रीन कार्डची घोषणा केली. संगणक उद्योगाच्या संघटनेचं म्हणणं होतं, आमच्याकडे 75,000 जागा रिकाम्या आहेत. दुसरीकडे देशात चाळीस लाखांच्या आसपास बेरोजगार. आणि मे महिन्यात नोर्डराईन-वेस्टफालनची निवडणूक. सीडीयू या पुराणमतवादी पक्षाचे उमेदवार रुटगर्स. मार्चमध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना ते म्हणाले की भारतीयांना कॉम्प्युटरवर आणून बसवण्यापेक्षा आपल्या मुलांना कॉम्प्युटरवर बसवलं पाहिजे. जर्मनमध्ये मुलं म्हणजे ‘किंडर’ आणि भारतीय म्हणजे ‘इंडर’. यमक आयतं हाताशी होतं. वर्तमानपत्रांनी वाक्य छाटलं आणि ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी मुलं’, एवढंच उरलं. त्यांच्या पक्षाच्या पोस्टकार्डांवर प्रत्यक्षात छापलं होतं ते ‘जास्त स्थलांतराऐवजी जास्त प्रशिक्षण’. ते आज कुणाला आठवत नाही, कारण त्यात यमक नाही. रिपब्लिकानर नावाच्या कडव्या उजव्या पक्षाने मात्र तो तीन शब्दांचा अवतार उचलला आणि थेट पोस्टरांवर चढवला.

म्हणजे रुटगर्स निर्दोष का? नाही. चाळीस लाख बेरोजगारांच्या देशात, निवडणुकीच्या दोन महिने आधी, एका विशिष्ट देशाच्या लोकांचं नाव घेऊन असं बोललं की त्याचं पुढे काय होतं, हे तेरा वर्षं बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, काढलेल्या माणसाला कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण पोस्टरावर आपण त्यांच्या तोंडी घातलेले शब्द त्यांनी जसेच्या तसे उच्चारलेले नाहीत, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं.

मी तेव्हा कोथरूडला होतो. मॅक्सम्यूलर भवनात संध्याकाळचा जर्मनचा वर्ग आणि डोक्यात ग्रीन कार्ड. गिरगावातले माझे काका-काकू त्या आठवड्यात आमच्याकडे उतरले होते. बातमी मीच चहाच्या वेळी वाचून दाखवली. काका असे भडकले की कप बशीत आपटला. ‘‘लेको, बोलावता तुम्हीच आणि वर हे? कसलं यमक जुळवतात, शरम वाटत नाही?’’ काकू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही पण जुळवलं होतंत की. पुंगी आणि लुंगी.’’

काका एकदम गप्प. 1966 साली शिवसेना निघाली तेव्हा ते विशीत होते आणि ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ म्हणत मोर्च्यात गेले होते. चाळीत त्यांच्याच मजल्यावर टंकलेखन करणारे एक तमिळ गृहस्थ राहायचे. काकांना पहिली नोकरी लागली ती त्यांच्याच शिफारशीने. हा किस्सा काकू दर दिवाळीला सांगायची आणि काका दर दिवाळीला पंखा वाढवायला उठायचे.

हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. ती घोषणा ऐकली तेव्हा मला राग आला, पण नवल वाटलं नाही, एवढंच. ‘आधी आमची पोरं’ ही मागणी आणि तिला चिकटून येणारं यमक, दोन्ही माझ्या घरातलं होतं. मागणी खरी असते. मुंबईतल्या मराठी पोरांना नोकऱ्या नव्हत्या हे खरंच होतं, आणि रूर खोऱ्यात खाणी बंद पडून पोरं घरी बसली होती हेही खरंच. घोळ होतो तो बोट कुणाकडे दाखवायचं ते ठरवताना.

आणि बोट दाखवायचंच तर ते आधी रुटगर्स यांच्याकडेच वळत होतं. 1994 ते 1998 हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळात ते शिक्षण, विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान मंत्री होते. दोन खाती एकत्र करून त्यांच्या हाती दिली होती, आणि लोक त्यांना ‘भविष्यमंत्री’ म्हणायचे. शाळांना इंटरनेट जोडून देण्याची मोहीम त्यांच्याच काळातली, 1996 ची. डिजिटल सह्यांना कायद्यात जागा देणारा 1997 चा माहिती-सेवांचा कायदाही त्यांचाच. म्हणजे कॉम्प्युटर येतोय हे या माणसाला इतर बऱ्याच जणांआधी कळलं होतं. म्हणूनच 2000 साली विरोधकांनी विचारलं की साहेब, चार वर्षं खातं तुमच्याकडे होतं, मग आमची मुलं कॉम्प्युटरवर का बसली नाहीत? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मे 2000 मध्ये सीडीयू 37 टक्क्यांवर अडकली आणि श्रोडर यांच्याच एसपीडी पक्षाच्या वोल्फगांग क्लेमेंट यांच्याकडे राज्य राहिलं.

मी मार्च 2001 मध्ये आलो. पासपोर्टात पाच वर्षांची मुदत आणि पोटात गोळा. पदवी नसेल तर वर्षाला एक लाख मार्कांचा पगार दाखवावा लागे. आमच्याकडे पदवी होती, म्हणून ते टळलं. डॉट-कॉमचा फुगा तोवर फुटू लागलाच होता. आमची कंपनी 2002 मध्ये गुंडाळली आणि मी डॉर्टमुंडच्या रोजगार कचेरीत टोकन घेऊन बसलो. शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाचा जर्मन प्रोग्रॅमर होता. ‘इंडर’ आणि ‘किंड’ एकाच रांगेत. दोघांनाही हसू आलं नाही.

आता 2005 ची निवडणूक. ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण पोस्टरवाल्या पिढीला तिचा पत्ताच नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त खाणकामगार राहायचे. शनिवारी जिना पुसायची पाळी माझी असली की दार उघडून बघायचे, मी कोपरे पुसतो का ते. ‘ग्लुक आउफ’ म्हणायचे, खाणीत उतरताना म्हणतात तसं. जन्मभर एसपीडीला मत. या भागात ते जन्मदाखल्याबरोबरच मिळायचं असं लोक गमतीने म्हणत. त्या मे महिन्यात ते मला म्हणाले की या वेळी मी त्यांना मत देणार नाही. कारण हार्ट्झ-चार, म्हणजे बेरोजगारांचा भत्ता आटवणारी श्रोडर सरकारची सुधारणा. म्हणाले, माझ्या भावाने छत्तीस वर्षं वर्गणी भरली आणि आता त्याला काल नोकरीला लागलेल्या पोराच्या रांगेत उभं केलंय.

22 मे 2005 ला सीडीयूला 44.8 टक्के मतं पडली आणि 1966 पासूनची 39 वर्षांची एसपीडीची सत्ता गेली. (हो, 1966. काकांच्या मोर्च्याचंच साल. योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.) धक्का एवढा मोठा होता की त्याच संध्याकाळी बर्लिनमध्ये श्रोडर यांनी मुदतपूर्व संसदीय निवडणुकीची तयारी जाहीर केली. त्यातून पुढे मेर्केल आल्या. एका राज्याच्या निकालाने अख्ख्या देशाचं पान उलटलं.

मुख्यमंत्री रुटगर्स पुराणमतवादी पक्षाचे असूनही एफडीपी या उदारमतवादी पक्षाच्या जोडीने कामगारांचे कैवारी म्हणून वावरले. कर कमी केले की आपोआप नोकऱ्या येतात ही आपल्याच पक्षाची आयुष्यभराची थाप आहे, अशा अर्थाचं ते 2006 मध्ये बोलले तेव्हा त्यांच्याच लोकांचे चेहरे पडले. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी ठराव मंजूर करून घेतला की ज्याने जास्त वर्षं वर्गणी भरली त्याला बेरोजगारी भत्ता जास्त काळ मिळावा. 2008 पासून 58 वर्षांपुढच्यांना 24 महिन्यांपर्यंत भत्ता मिळू लागला. माझ्या शेजाऱ्यांच्या भावाला त्याचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता. पण शेजारी म्हणायचे, ‘‘निदान कुणीतरी मोजलं.’’

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी लाल फुलीला हरकत घेतोय. रुटगर्स यांच्या मंत्रिमंडळात 2005 मध्ये इंटिग्रेशनचं खातं निघालं. बाहेरून आलेल्यांना इथल्या समाजात सामावून घेण्यासाठी स्वतंत्र मंत्री, आणि तोही जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातला पहिला. आर्मिन लाशेट. लाशेट यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की त्यांच्याच पक्षातले लोक त्यांना ‘तुर्कांचा आर्मिन’ म्हणून चिडवायचे. पुढे तेही मुख्यमंत्री झाले आणि 2021 मध्ये चान्सलरपदाचे उमेदवार. त्यांना मंत्री केलं ते ‘किंडर श्टाट इंडर’वाल्याने.

हे खातं माझ्या घरापर्यंत आलं ते असं. 2007 मध्ये याच सरकारने नियम केला की शाळेच्या दोन वर्षं आधी, म्हणजे साधारण चौथ्या वर्षी, प्रत्येक मुलाचं जर्मन तपासायचं. परीक्षेचं नाव डेल्फिन-4. माझी मुलगी 2003 ची, त्यामुळे पहिल्याच खेपेला सापडली. आम्ही घरी मराठी बोलायचो, आणि बायकोने तर पंधरा दिवस आधी धसकाच घेतला की आता पोरीला वेगळ्या वर्गात बसवतील. बालवाडीत चार मुलांना एका पटाभोवती बसवलं. प्राणिसंग्रहालयाचा खेळ होता. चित्रं ओळखायची, वाक्यं पुन्हा म्हणायची आणि काही शब्द असे की ज्यांना अर्थच नाही, ते ऐकून तसेच्या तसे म्हणायचे. घरी आल्यावर तिने त्यातला एक शब्द आठवडाभर पाठ धरला आणि माझ्या आईला फोनवर ऐकवला. आई म्हणाली, ‘‘छान गं, आता अर्थ सांग.’’ पोरगी म्हणाली, ‘‘आजी, अर्थ नसतोच, तरी नीट म्हणायचं.’’

त्या चाचणीवर टीका खूप झाली. चार वर्षांच्या पोराचा वीस मिनिटांत काय निकाल लावणार, असं बालवाडीच्या बाई स्वतःच म्हणाल्या. मलाही पटलं होतं. पण ती टीका करताना एक गोष्ट लक्षात आली की माझी पोरगी आता ‘किंडर’मध्ये मोजली जात होती. ‘आपल्या मुलांना’ या शब्दांत ती होती. सात वर्षांपूर्वी ज्याने माझ्याकडे बोट दाखवलं, त्याच्या सरकारच्या शिक्क्याचं पत्र तिच्या नावाने आलं होतं. ते पत्र अजून फायलीत आहे.

रुटगर्स बदलले होते असं म्हणून ही गोष्ट गोड करता आली असती. ते तसं झालं नाही. जानेवारी 2008 मध्ये नोकियाने बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियातल्या क्लुज शहराकडे न्यायचं ठरवलं. सुमारे 2,300 नोकऱ्या. सरकारी अनुदान खाऊन उडून जाणारे टोळ, असं रुटगर्स नोकियाला म्हणाले, आणि तिथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा होतो. आमच्या इमारतीत तर नोकियाचा फोन खिशातून काढायची चोरी झाली होती. पण 2009 मध्ये डुइसबुर्गच्या प्रचारसभेत हेच गृहस्थ म्हणाले की आमचा रूरचा कामगार सकाळी सातला हजर असतो, रोमानियातले मात्र वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात आणि काय करतायत हे त्यांना कळतही नाही. चित्रफीत बाहेर आली, बोभाटा झाला, माफी मागावी लागली. कारखाना हलवायचं ठरलं फिनलंडच्या कार्यालयात. बोट दाखवलं क्लुजच्या मजुराकडे. 2000 चीच चूक, फक्त यमक नव्हतं.

म्हणून माझं त्यांच्याबद्दलचं मत असं आहे. या माणसाला रूरच्या कामगाराची कळकळ खरी होती, आणि मतं मागताना ती बोलून दाखवायची एकच रीत त्याला यायची : बाहेरच्या कुणाला तरी समोर उभं करायचं. खुर्चीत बसला की बरं काम करायचा, माईकसमोर गेला की घसरायचा. फीच्या बाबतीत तर खुर्चीतही घसरला. ‘आपल्या मुलांना कॉम्प्युटरवर बसवा’ म्हणणाऱ्याच्या सरकारने विद्यापीठांना सत्राला 500 युरोंपर्यंत फी घ्यायची मुभा दिली. ती पुढच्या सरकारने 2011 मध्ये रद्द केली. आज आपली मुलं आणि आपले विद्यार्थी जवळपास फुकट शिकतात ते त्यामुळे. पोस्टरावर फुली मारायचीच असेल तर तिथे मारा.

शेवट फार झटपट झाला. फेब्रुवारी 2010 मध्ये बाहेर आलं की पक्षाने कंपन्यांना पत्रं पाठवली होती : अधिवेशनात मुख्यमंत्र्यांशी गप्पा मारायच्या असतील तर सहा हजार युरो. रुटगर्स म्हणाले, मला ठाऊक नव्हतं. पक्षाच्या सरचिटणीसाने राजीनामा दिला. त्या तरुण सरचिटणीसाचं नाव हेंड्रिक व्युस्ट, जे 2021 पासून आपल्या राज्याचे मुख्यमंत्री आहेत. राजकारणात फुल्या किती लवकर पुसल्या जातात पाहा. मे 2010 मध्ये सीडीयू 34.6 वर घसरली. एसपीडीपेक्षा सुमारे सहा हजार मतं जास्त, जागा दोघांच्याही 67, आणि बहुमत गेलं. जुलैत हानलोरे क्राफ्ट मुख्यमंत्री झाल्या आणि रुटगर्स पुन्हा वकिलीकडे वळले. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याचं दिल्लीत जाहीर केलं, तेव्हा त्यांचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही. काढलं ते आपण, पोस्टरवर.

आता जरा घरचं. रागावू नका.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मी वाढायला उभा होतो. रांग हॉलच्या बाहेर गेली होती, निम्मे विद्यार्थी. आखेनहून आलेली पोरं होती, दीड तास प्रवास करून, एकाच्या पायात तर थंडीतही चपला. कार्यकारिणीतलंच कुणीतरी माझ्या मागे म्हणालं, ‘‘या स्टुडंट लोकांनी नुसतं भरून टाकलंय. मेंबर व्हायचं नाही आणि जेवायला पुढे. आपल्या पोरांना पुरणार आहे का?’’ पुढच्या सभेत ठराव आला की सभासद नसलेल्या विद्यार्थ्यांना दुप्पट दर आणि त्यांची पंगत शेवटी. दोन मतांनी बारगळला. विरोधातलं एक मत माझं होतं. पण वाढताना ते वाक्य कानावर आलं तेव्हा मी काही बोललो नव्हतो, वरणाचा डाव हातात घेऊन तसाच उभा राहिलो होतो. हेही इथे नोंदवून ठेवतो.

‘आपल्या पोरांना पुरणार आहे का’ याचं जर्मन भाषांतर मी करत बसत नाही. यमक कुणीतरी जुळवेलच.

मला हवंय ते इतकंच. पोस्टर अजून छपाईला गेलं नसेल तर थांबवा. फोटो ठेवायचा तर ठेवा, फुली काढा, आणि घोषणेखाली सालं लिहा : 2000, 2005, 2009, 2010. कार्यक्रमात मला वीस मिनिटं द्या. मी ती डेल्फिन-4 ची फाईल घेऊन येईन आणि जमलं तर माझ्या मुलीलाही. ती आता बावीस वर्षांची आहे, आणि हो, कॉम्प्युटर सायन्सच करते आहे. तिला तो अर्थ नसलेला शब्द अजून पाठ आहे.

जेवणात श्रीखंड ठरलंय असं कळलं. चक्का टांगत बसू नका, वेळ जातो. क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा पदार्थ, मी आणतो, आमच्या दुकानात घट्ट मिळतं. फक्त विद्यार्थी धरून एकूण पानं किती ते गुरुवारपर्यंत कळवा. तुमच्या यादीत ती धरलेली दिसत नाहीत.

कळावे,
आपला,
2001 चा एक ग्रीनकार्डवाला
डॉर्टमुंड